देवाच्या हद्दीत दोन मीटर चाळीस

"पाच मिनिटांचं काम आहे," असं मी म्हणालो, आणि पुढे जे काही झालं त्याला हे एकच वाक्य जबाबदार आहे. मी कमी बोलावं असं माझी बायको नेहमी सांगते. ती शाळेत मुलांना गणित शिकवते आणि घरी मला शहाणपण.

आमचं कार्यालय जमीन मोजणीचं. लोकांच्या जमिनी मोजायच्या, कोणाची हद्द कुठे संपते ते सांगायचं आणि दोन भावांमधलं उरलंसुरलं बोलणं बंद करून चहाच्या वेळेपर्यंत परत यायचं, हे आमचं काम. मी तिथे सव्वीस वर्षं भूमापक आहे. या सव्वीस वर्षांत माझी एकही मोजणी वरच्या कार्यालयानं फिरवलेली नाही. कार्यालयातले लोक मला पाठीमागे 'मिलीमीटर' म्हणतात. त्यांना वाटतं मला ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे आणि, खोटं कशाला बोलू, आवडतंही.

तर एका सोमवारी दीड पानी परिपत्रक आलं. सरकार सर्वांचं असतं, सबब ते कोणत्याही एका धर्माचं असू शकत नाही, सबब शासकीय जागेवरील सर्व धार्मिक चिन्हे, तसबिरी व बांधकामे कामकाजाच्या पंधरा दिवसांत हटवून तसा अहवाल सादर करावा. एका वाक्यात दोन 'सबब' आले की परिपत्रक वरून आलंय हे ओळखावं. मला स्वतःला विचाराल तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं. आमच्या दारात सगळ्या धर्मांची माणसं आपापल्या सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज घेऊन येतात. त्यांना निदान भिंतीवर तरी कोणाची बाजू टांगलेली दिसू नये.

साहेब नवीन होते, येऊन सहाच महिने झाले होते, आणि परिपत्रकावर त्यांचा जीव होता. दुसरं कोणी वर्तमानपत्र वाचावं तसे ते परिपत्रक वाचत, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत आणि चहा गार होईपर्यंत. पहिल्याच दिवशी त्यांनी आवक-जावक बाईंच्या कपाटावरचं देवाचं चित्र सोलून काढायला लावलं. बाई दिवसभर सगळ्यांना एकेक कागद कमी देत राहिल्या. मग जीपमधली मूर्ती निघाली. चालकानं लेखी दिलं की यापुढे ब्रेकची जबाबदारी त्याच्यावर राहणार नाही. साहेबांनी ते वाचलं, एकदा जीपकडे पाहिलं आणि नऊ वर्षं रखडलेली ब्रेकची दुरुस्ती त्याच दुपारी करून घेतली. परिपत्रकाचा झाला तो फायदा एवढाच.

मग राहिली घुमटी. आमच्या इमारतीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्याला लागून, कंपाउंडच्या भिंतीत एक कमरेएवढी घुमटी आहे. आत एक दगड. त्याच्यावर इतक्या वर्षांचे इतके रंग चढलेत की त्याला नाक आहे की नाही यावर दोन मतं पडतात. तो नेमका कोणता देव हे कोणालाच माहीत नाही. घुमटीच्या सावलीत चपला दुरुस्त करणारे एक काका बसतात. सकाळी आल्यावर आधी घुमटी झाडतात, दिवा लावतात, मग आपली पेटी उघडतात. त्यांना कोणी विचारलं, "काका, हा देव कुठला?" तर ते दोरा दातात धरून म्हणतात, "जो येतो त्याचा." आम्ही त्यांना चपलाकाका म्हणतो.

"ही घुमटी," साहेब खिडकीतून बोट दाखवत म्हणाले.

"पाच मिनिटांचं काम आहे, साहेब," मी म्हणालो.

मी असं का म्हणालो तेही सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. प्रमुख भूमापकाची जागा रिकामी होती. त्या जागेबरोबर साहेबांच्या शेजारची एक खोली मिळते आणि त्या खोलीला पूर्वेकडे उघडणारी खिडकी आहे. मी सव्वीस वर्षं विजेच्या मीटरकडे तोंड करून बसलोय. मीटरची चकती फिरते, थांबते, परत फिरते, एवढंच मी खुर्चीत बसून बाहेरचं जग म्हणून पाहिलं. मला ती खिडकी हवी होती. माझ्या नावाची शिफारस साहेब त्या अहवालाबरोबरच पाठवणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आणला. त्यानं घुमटीभोवती एक चक्कर मारली, वाकून आत पाहिलं, हात जोडले आणि मला म्हणाला, "साहेब, पहिली वीट तुम्ही काढा. बाकीच्या मी काढतो."

"मी का काढू? तू गवंडी आहेस."

"तेच म्हणतोय. मी गवंडी आहे, ऑर्डर तुमची आहे."

समोर खिडकीपाशी अर्जदारांची रांग होती आणि आख्खी रांग मान वळवून आमच्याकडे पाहत होती. माघार घेणं शक्य नव्हतं. मी बाह्या वर केल्या आणि वाकलो. नेमका त्याच क्षणी माझा गुडघा धरला. हा गुडघा गेली दोन वर्षं धरतोय, त्याचे कागद आहेत, डॉक्टरांकडे फोटो आहे. पण रांगेला फोटो कुठून दिसणार. रांगेत एक समाधानाची लहर पसरली आणि कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "बघा, धरलं." दोघांनी मला उचलून चपलाकाकांच्या स्टुलावर बसवलं. काकांनी पाणी दिलं, माझा बूट हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "टाच एका बाजूनं झिजलीय. गुडघा त्यानंच धरतो." म्हणजे ज्या माणसाला मी उठवायला गेलो होतो त्याच्या स्टुलावर मी अर्धा तास बसून होतो आणि तो माझी टाच बदलत होता. गवंडी कधी गेला ते कळलंच नाही.

पुढच्या गवंड्यानं लेखी आदेश मागितला. यात गैर काही नव्हतं. साहेबांनी आदेश लिहिला, 'शासकीय जागेवरील धार्मिक बांधकाम पाडणेबाबत', आणि जावक क्रमांकासाठी बाईंकडे पाठवला. बाईंनी तो परत केला. कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं होतं: जागा शासकीय असल्याचा पुरावा जोडलेला नाही.

साहेब स्वतः उठून त्यांच्या टेबलाशी गेले. "बाई, आपण आत्ता जिथे उभे आहोत ते सरकारी ऑफिस आहे."

"असेल ना," बाई म्हणाल्या. "पण नकाशा?"

आता बाईंचं म्हणणं असं, की गेली एकोणीस वर्षं त्यांनी नकाशा नाही म्हणून हजारो लोकांना परत पाठवलंय. त्यात आजारी माणसं होती, विधवा होत्या, एक तर लग्नाच्या मांडवातून उठून आलेला नवरा होता. त्या सगळ्यांना एक नियम आणि साहेबांना दुसरा, हे त्यांच्या हातून होणार नाही. कपाटावरच्या त्या सोललेल्या चित्राचा याच्याशी काही संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण बोलताना त्यांची नजर त्या जागेवरून एकदा फिरून आली.

आम्ही नकाशा शोधला. नव्हता. गावातली प्रत्येक परसबाग, प्रत्येक विहीर, गुरांच्या गोठ्याची मोरीसुद्धा आमच्याकडे नकाशात आहे. फक्त आमच्या स्वतःच्या जागेची मोजणी कोणीच कधी केली नव्हती. करावी असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण आम्ही तिथेच तर बसलो होतो.

म्हणजे मोजणी करायची. मोजणीसाठी अर्ज लागतो. आमच्या कार्यालयानं आमच्याच कार्यालयाकडे अर्ज करायचा. साहेब अर्ज घेऊन आतल्या दारानं बाईंकडे गेले, तर बाई म्हणाल्या, "अर्ज आतून घेता येत नाही, साहेब. खिडकीतूनच." साहेब बाहेर जाऊन रांगेत उभे राहिले. सव्वा तासानं त्यांचा नंबर आला. तोवर मागच्या माणसानं त्यांना या ऑफिसात काम कसं करून घ्यावं याबद्दल बऱ्याच युक्त्या सांगितल्या होत्या, त्यातली एक माझ्याबद्दलही होती असं साहेबांनी मला नंतर बोलून दाखवलं. प्रतीक्षा यादीत आमचा नंबर तीनशे अठरावा लागला. 'तातडीची' असा शिक्का मारून घेतल्यावर तो चौथा झाला. पंधरापैकी सात दिवस एवढ्यात संपले.

त्या संध्याकाळी हे सगळं मी शेजाऱ्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. आमचे शेजारी निवृत्त बेलीफ आहेत. तीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या हातात दिल्या, आणि आता हात रिकामे असल्यामुळे सल्ले देतात. शिवाय आमच्यात एक कुंडीचा वाद आहे. दोन दारांमध्ये सामाईक व्हरांडा आहे, त्याच्या मध्यावर मी पेन्सिलीनं एक रेघ मारलीय, आणि बेलीफांची कुंडी त्या रेघेच्या चार सेंटीमीटर अलीकडे, म्हणजे माझ्या हद्दीत आहे. सात वर्षं झाली. आधी मी प्रेमानं सांगितलं, मग लेखी दिलं. चार सेंटीमीटरनं काय होतं असं ते विचारतात. ज्याला हा प्रश्न पडतो त्याला उत्तर देऊन उपयोग नसतो.

"मोजणीआधी लगतधारकाला नोटीस दिलीत का?" बेलीफांनी विचारलं. लगतधारक म्हणजे ज्याची जागा आपल्याला लागून आहे तो. त्याला न कळवता मोजणी केली तर ती रद्द होते. हे मला शिकवायची गरज नव्हती.

"तिकडे कोणी राहतच नाही. नुसती घुमटी आहे."

"मग घुमटीला द्या. देवाच्या नावे काढा. घेतली नाही तर दारावर डकवायची, दोन साक्षीदार घ्यायचे. अशा माणसांना मी नोटिसा दिल्यात की जे देवापेक्षा कमी भेटायचे."

मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना गंमत म्हणून हे सांगितलं. साहेबांना गंमत कळत नाही. त्यांनी नोटीस काढायला लावली. 'लगतधारक: देव, राहणार घुमटी. आपणांस कळविण्यात येते की येत्या मंगळवारी मोजणीच्या वेळी आपण जातीने अथवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावे.' शिपायानं ती नेऊन घुमटीच्या कमानीवर डकवली. साक्षीदार म्हणून चपलाकाकांनी सही केली आणि दुसरी सही जीपच्या चालकानं.

इथे आमचा अंदाज चुकला. कामासाठी आलेल्या लोकांनी पाहिलं की घुमटीवर सरकारी कागद डकवलाय, गोल शिक्का आहे, सही आहे. त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला: आता अर्ज इथे घेतात. दुसऱ्या सकाळी घुमटीवर अकरा अर्ज डकवलेले होते. आमच्याच छापील नमुन्यात, नीट भरलेले, आणि खाली 'प्रत माहितीसाठी: मोजणी कार्यालय.' शुक्रवारपर्यंत साठ झाले. त्यातल्या एका अर्जदाराचा बांधाचा वाद दोनच दिवसांत आपसात मिटला. तो वाद आमच्याकडे अकरा वर्षं पडून होता. त्यानंतर आमच्या खिडकीसमोर रांग म्हणून उरली नाही, ती सगळी वळून तिकडे लागली.

यात आनंद मानायचा की दुःख याचा विचार आम्ही करत होतो, पण बाईंना फक्त एकच गोष्ट सहन होत नव्हती. "साठ अर्ज आहेत आणि एकालाही आवक क्रमांक नाही," त्या म्हणाल्या. शनिवारी सकाळी त्या नोंदवही, शिक्का आणि छत्री घेऊन घुमटीपाशी गेल्या, काकांच्या स्टुलावर बसल्या आणि एकेका अर्जावर शिक्का मारून नोंद करू लागल्या. धर्म आणि सरकार यांना वेगळं करायला निघालेल्या आमच्या कार्यालयाची आता देवाकडे एक शाखा उघडली होती. साहेबांनी हे खिडकीतून पाहिलं, पडदा ओढून घेतला आणि डोकेदुखीची गोळी मागवली.

मंगळवारच्या आधीचे दोन दिवस मी आणि शिपाई अभिलेख खोलीत होतो. जुना एखादा आधार मिळाल्याशिवाय मोजणी सुरू करायची तरी कुठून? तिथली धूळ बघून शिपाई म्हणाला की यातली थोडी धूळ कायम जतन करण्याच्या यादीत असेल. शेवटी सगळ्यात खालच्या फळीवर, एका कापडी बासनात, गावाच्या पहिल्या मोजणीचा नकाशा सापडला. कापडावर चिकटवलेला, कडा उंदरांनी खाल्लेला, पण मधला भाग शाबूत होता. आमची जागा त्यात होती. चार कोपऱ्यांना चार हद्दीचे दगड, अकरा ते चौदा. पूर्वेला लागून एक लांबट पट्टा आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'देवस्थानाकडे.' तिथे पूर्वी काहीतरी देऊळ असावं. आता तिथे गवत आहे आणि गवतात एक बकरी असते.

मंगळवारी गर्दी जमली. मोजणीला गर्दी जमतेच, पण ती सहसा भांडायला जमते, ही नुसती बघायला आली होती. बेलीफ खास बसनं आले होते आणि पहिल्या रांगेत उभे होते. मी तिपाई लावली, दुर्बीण बसवली, शिपायानं टेप धरला. अकरा नंबरचा दगड पाण्याच्या टाकीखाली मिळाला, बारावा झुडपात, तेरावा मागच्या भिंतीच्या पायात. यांच्यावरून चौदावा कुठे असायला हवा ते काढलं आणि शिपाई टेप घेऊन त्या दिशेनं चालत गेला. चालता चालता तो वाकला, आणखी वाकला, आणि त्याचं डोकं घुमटीच्या कमानीत शिरलं. आतून आवाज आला, "साहेब, टेप देवाच्या डोक्यावर आलाय."

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

चपलाकाका उठले. त्यांनी पेटीतून रापी काढली, म्हणजे चामडं तासायची ती धारदार पात, आणि मला विचारलं, "थोडा रंग काढू का वरचा? दुखणार नाही त्याला." मग त्यांनी दगडाच्या माथ्यावरचे रंगाचे थर हळूहळू तासायला सुरुवात केली. खालून दगड दिसला, दगडात कोरलेला एक बाण दिसला आणि बाणाखाली आकडा: १४.

सरकारची आणि देवाची जागा वेगळी कळावी म्हणून आमच्याच खात्यानं कोणे एके काळी तो दगड तिथे रोवला होता. देऊळ पडलं, पुजारी गेले, लोक मात्र येत राहिले, आणि नमस्कार करायला त्यांना जे काही उभं सापडलं ते म्हणजे आमचा चौदा नंबर. ज्या दगडानं धर्म आणि सरकार यांच्यातली हद्द राखायची, त्यालाच लोकांनी देव करून टाकलं होतं. आणि सव्वीस वर्षं मी रोज सकाळी त्याच्या शेजारून, मोजमापाची सगळी हत्यारं घेऊन गेलो होतो.

"मग काढून टाका," साहेब म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. कारण आमच्या व्हरांड्यात, त्यांच्या दारावरच, पांढऱ्या अक्षरांत पाटी आहे: हद्दीचा दगड हलवणे हा गुन्हा आहे. गर्दीतल्या दोघातिघांनी ती मोठ्यानं वाचली.

मी म्हणालो, "साहेब, दगडाचं राहू द्या. रेघेचं बघा." तेराव्यापासून चौदाव्यापर्यंतची रेघ सरळ आमच्या इमारतीतून जात होती. पूर्वेकडच्या खोल्या मागाहून वाढवल्या होत्या, कोणी, कधी, कोणास ठाऊक. आमचं कार्यालय देवाच्या जागेत शिरलं होतं. किती, ते मी मोजलं. दोन मीटर चाळीस सेंटीमीटर. त्यात साहेबांची अर्धी खोली जात होती आणि शेजारची खोली, तिच्या खिडकीसकट, पूर्ण.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून चहा दिला. बिस्किटंही दिली, तेव्हाच मी सावध झालो.

"टेप उन्हात ताणला जातो म्हणतात," ते म्हणाले.

"जातो, साहेब. पण ताणलेला टेप कमी दाखवतो. तसं धरलं तर आपण आणखी आत आहोत."

साहेबांनी बिस्किटांची बशी थोडी माझ्याकडे सरकवली. "नकाशावर सही तुमची लागणार. सगळं गावच आपल्या शब्दावर चालतं. दोन-अडीच मीटरचा तर प्रश्न आहे. आणि त्या खोलीचाही विचार करा. मी कागद तयार ठेवलाय."

मी विचार करतो म्हणालो. म्हणालो म्हणजे काय, खरंच केला. छप्पन्न वर्षांच्या माणसाला एक खिडकी हवी असणं हा काही गुन्हा नाही. दोन मीटर चाळीस हे अंतर कागदावर केवढं दिसतं? पेन्सिलीचं टोक जरा जाड केलं तर त्यात मावेल. घरी जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती काही म्हणेल म्हणून थांबलो. ती पाणी प्यायली, तिनं पेला ठेवला.

"हा पडदा मी सहा वेळा काढून लावला," ती म्हणाली. "दोन सेंटीमीटर वाकडा आहे म्हणून. तुमचा पलंग भिंतीला समांतर नाही म्हणून लग्नानंतर आठ दिवस आपण जमिनीवर झोपलो होतो. मुलीनं वाढदिवसाचा केक कापला तर तुम्ही तुकडे मोजून दाखवलेत, ती रडली होती. हे सगळं मी चालवून घेतलं, कारण म्हटलं, माणूस असाच आहे, निदान सगळ्यांशी सारखा आहे." मग तिनं दाराकडे हात केला. "आता दोन मीटर चाळीस गिळलेत, तर उद्या त्या कुंडीजवळून मान वर करून जाल कसे?"

मला वाईट वाटलं, आणि ते तिच्या बोलण्याचं नव्हतं, ती बरोबर बोलत होती याचं होतं.

सकाळी मी नकाशावर सही केली. दोन मीटर चाळीस. सही करताना समोर मीटरची चकती फिरत होती आणि आता ती निवृत्तीपर्यंत फिरताना बघायची, हेही मला कळत होतं.

साहेबांनी नकाशा पाहिला. मात्र त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं: परिपत्रकावरचं त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. नकाशावर सही झाली, म्हणजे ती गोष्ट त्यांच्या दृष्टीनं खरी झाली. पंधराव्या दिवशी त्यांनी अहवाल पाठवला: 'शासकीय जागेवर कोणतेही धार्मिक बांधकाम आढळले नाही. तथापि, धार्मिक जागेवर शासकीय बांधकाम आढळले आहे. पुढील आदेश व्हावेत.'

आदेश यायला अजून अवकाश आहे. दरम्यान बाईंनी नियमानुसार हद्द कायम करण्याची मागणी केली, म्हणून शिपायानं इमारतीच्या फरशीवरून एक पांढरी रेघ ओढली. ती साहेबांच्या खोलीत शिरते, टेबलाखालून जाते आणि त्यांच्या खुर्चीच्या पुढच्या आणि मागच्या पायांमधून बाहेर पडते. साहेब सही करायला पुढे वाकतात तेव्हा सरकारात असतात, मागे टेकले की देवाकडे जातात. हल्ली ते मागे टेकूनच जास्त बसतात.

मग एके दिवशी बाईंनी परिपत्रक काढून एक शब्द दाखवला. 'शासकीय जागेवरील.' रेघेपलीकडची जागा शासकीय नाही, असं खुद्द साहेबांचा अहवाल म्हणतो. तेव्हा परिपत्रक तिथे लागू नाही. त्यांनी आपलं कपाट ढकलत नेऊन साहेबांच्या पाठीमागे, रेघेपलीकडे ठेवलं आणि त्यावर नवं चित्र लावलं. चालकानं जीपमधली मूर्ती आणून शेजारी ठेवली. मग बाकीचेही आले, ज्याचा जो देव होता तो घेऊन. भिंतीला आता जागा नाही. समोरून येणाऱ्या अर्जदाराला साहेब आणि त्यांच्या मागे सगळे धर्म एका ओळीत दिसतात आणि तो बिचारा आपोआप हात जोडतो. साहेबही त्याला उलट नमस्कार करतात. त्यांना वाटतं तो त्यांनाच करतोय.

राहता राहिलो मी. गेल्या महिन्यात माझा प्रमुख भूमापकाचा आदेश आला. साहेबांनी शिफारशीचा तो कागद अहवालाबरोबरच पाठवला होता, मला न सांगता. पुष्ट्यर्थ त्यांनी तोच नकाशा जोडला होता. खोली मिळाली, खिडकी मिळाली. फक्त ती पूर्णपणे देवाच्या हद्दीत आहे, आणि हे मीच लिहून दिलंय.

पहिल्या दिवशी खिडकी उघडली तर समोर घुमटी आणि चपलाकाका. ते उठून खिडकीशी आले. मी पटकन टेबलावरचे कागद लावू लागलो.

"काय साहेब, बसलात?"

"बसलो. आदेश येईपर्यंत आहे. मग पाडतील बहुतेक."

"मला काढायला आला होतात तुम्ही. पाच मिनिटांत."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"आत किती आहात म्हणालात?"

"दोन मीटर चाळीस."

काकांनी मान डोलावली. "राहा," ते म्हणाले. "आम्ही नाही काढत." मग माझ्या पायांकडे बोट करून म्हणाले, "पण बूट बाहेर. जागा देवाची आहे." मी बूट काढून खिडकीतून त्यांच्या हातात दिले. त्यांनी टाच बघितली, ती ठीक होती, आणि ते आपल्या पेटीशेजारी नीट लावून ठेवले.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा व्हरांड्यात बेलीफ कुंडीला पाणी घालत होते. मी पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिलं. कुंडी होती तिथेच होती, चार सेंटीमीटर अलीकडे. पाणी पिऊन झाड टवटवीत दिसत होतं. त्याला कळ्या आल्या होत्या, आणि सात वर्षांत ते कशाचं झाड आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

"राहू द्या कुंडी तिथेच," मी म्हणालो. "आमची हरकत नाही."

बेलीफांनी झारी खाली ठेवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी कुंडी उचलली, रेघेच्या पलीकडे आपल्या बाजूला नेऊन ठेवली आणि म्हणाले, "आधी लेखी द्या. मग बघू."